माशाला दुखलं नाही का?

एका आईचं पत्र आलंय, ते थोडं छाटून देते आहे, पण शब्द तिचेच आहेत:

"ताई, आम्ही रत्नागिरीला असतो. मुलगा साडेचार वर्षांचा, एकुलता एक. त्याच्या आत्याने परदेशातून येताना चकचकीत खवल्यांच्या माशाचं ते प्रसिद्ध पुस्तक आणलं, रेनबो फिश. इंग्लिशमधलं आहे, मी मराठीत सांगत वाचते. पहिले आठ दिवस दुसरं पुस्तक हातात धरू दिलं नाही, खवल्यांवरून बोट फिरवत बसायचा. मग बिल्डिंगमध्ये सायकलवरून भांडणं सुरू झाली. सायकल नवी आहे, कुणाला हात लावू देत नाही. खालच्या मजल्यावरची मुलगी रडत घरी गेली, तिच्या आईने ग्रुपवर टोमणा मारला. मला इतकं लाजल्यासारखं झालं की दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, 'मासा बघ कसा सगळ्यांना देतो, आणि तू?' आणि सायकल त्याच्याकडून काढून तिला दिली. त्या रात्रीपासून पुस्तक वाचू देत नाही. केर काढताना पलंगाखाली पार भिंतीला लागून सापडलं. विचारलं तर म्हणाला, 'आई, खवले काढले तेव्हा माशाला दुखलं नाही का?' मला काही सुचलंच नाही. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी चार पोरं एका ताटात जेवायची, वाटून खायला शिकवावं लागलं नाही, हे सगळे एकट्या पोराचे लाड. माझा मुलगा स्वार्थी होतोय का? आणि अशी पुस्तकं वाचून दाखवण्याचा काही उपयोग असतो का?"

अगं, आधी स्वार्थी होतोय का त्याचं उत्तर देते म्हणजे तू आज रात्री नीट झोपशील. नाही होत. ज्या पोराला माशाला दुखलं का हे विचारावंसं वाटतं त्याच्याबद्दल ही काळजी करू नकोस. तू रत्नागिरीत राहतेस, तो तुझ्याबरोबर नाहीतर बाबाबरोबर मासळी बाजारात गेलाच असणार, तांबोशीचे खवले खरवडताना त्यानं पाहिलं असणार, ते कसे उडतात, मावशीच्या मनगटाला कसे चिकटतात, आणि खाली मासा कसा नुसता गुळगुळीत कातड्याचा राहतो. त्याच्या डोक्यात खवला म्हणजे सुरीनं निघणारी गोष्ट आहे. पुस्तकात मात्र मासा एक खवला देतो, मग दुसरा, मग वाटतच सुटतो, आणि त्याच्याकडे एकच उरतो आणि तो आनंदात पोहायला लागतो. तुझ्या मुलाला प्रश्न पडला की अरे पण हे अंगावरचं आहे ना. बरोबर आहे त्याचं! आणि हा प्रश्न त्याला कधी पडला तेही बघ, त्याच्याकडून सायकल काढून घेतल्यावर. तो माशाबद्दल विचारतच होता, पण तेवढंच विचारत नव्हता.

ज्यांना हे पुस्तक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंडच्या बर्नचे चित्रकार मार्कुस फिस्टर यांनी ते १९९२ साली केलं, जगभरात करोडोंनी प्रती गेल्या, कारण एक तर जलरंगातला तो निळा-हिरवा समुद्र फारच सुंदर आहे आणि खवल्यांच्या जागी खरी चमचमती चंदेरी पन्नी लावलेली आहे, पान हलवलं की रंग बदलतात. गोष्ट अशी की समुद्रातल्या सगळ्यात सुंदर माशाकडे एक छोटा निळा मासा एक खवला मागतो, हा त्याच्यावर खेकसतो, छोटा जाऊन सगळ्यांना सांगतो आणि सगळे याच्याशी कट्टी करतात. एकटा पडल्यावर हा गुहेतल्या शहाण्या ऑक्टोपसबाईंकडे सल्ला मागायला जातो, त्या सांगतात की खवले वाटून टाक. तो वाटतो, आणि मित्र मिळतात.

या पुस्तकावर जीव टाकणारे आईबाप मी पाहिलेत आणि ते घरात नको म्हणणारेही पाहिलेत. नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की यात मुलाला काय कळतं, तर मित्र हवे असतील तर अंगावरचं काढून द्या. मला दोन्ही बाजू समजतात पण मी पुस्तक घरातून काढ असं सांगणार नाही. उलट मला वाटतं हे पुस्तक बोलायला फार चांगलं आहे, फक्त ते धडा म्हणून वाचलं तर बिघडतं. एकच जागा घे. छोट्याने खवला मागितला तेव्हा मोठा मासा काय करतो? नाही म्हणतो आणि वर अपमान करतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं, आणि आपण मोठी माणसंसुद्धा त्या एकात घालतो. माझ्या अंगावरचा खवला मी देणार नाही असं म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता, चुकला तो खेकसला तिथे. हे तुझ्या मुलाशी बोलून बघ, साडेचार वर्षांच्या मुलाला हे कळतं, नक्की कळतं. "नाही म्हणायचं होतं तर कसं म्हणायला हवं होतं रे त्यानं?" एवढंच विचार आणि गप्प बस. सायकलच्या बाबतीतही त्याला हेच लागणार आहे, कारण सायकल त्याची आहे आणि नाही म्हणणं चालेल, ढकलणं चालणार नाही.

आता तुझ्याकडून जे झालं त्याबद्दल. रागावत नाही, कारण मी स्वतः हेच केलंय आणि मला पगार मिळायचा त्याचा. बालवाडीत होते तेव्हा एक मुलगी घरून बाहुली घेऊन आली होती, कापडी, लोकरीचे केस अर्धे निघालेले, बाकीच्या मुली मागायला लागल्या आणि मी अगदी गोड आवाजात "आपण वाटून घेतो ना बाळा" म्हणत तिच्या हातातून ती काढून घेतली. रडली नाही, मान खाली घालून बसली. मला वाटलं वा, शिकली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. प्रार्थनेला हात जोडायचे तर मुठीवर दुसरा हात ठेवून उभी राहिली. चित्र काढायला बसली तर डाव्या हातानं खडू धरला. मी विचारलं काय आहे गं मुठीत, तर नुसती मान हलवली. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "बरं, तुझं आहे ते, कुणी मागणार नाही." मधल्या सुट्टीत सगळी डबा खात होती तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि मूठ उघडली. घामानं ओला झालेला एक चिंचोका होता. तिनं तो मला दाखवला, दिला नाही, आणि परत मूठ मिटून डबा खायला गेली. एका दिवसात त्या मुलीनं काय शिकलं होतं तर मोठ्यांना दिसलं की जातं, म्हणून दिसेल असं काही आणायचंच नाही. तुझ्या मुलानं पुस्तक पलंगाखाली भिंतीला लावून ठेवलं ते वाचलं आणि मला तो चिंचोका आठवला.

मला सांगायचंय ते एवढंच की जे ठेवता आलं असतं तेच देता येतं. हातातून काढून दुसऱ्याला दिलं तर त्यात त्याचं देणं कुठे झालं, ते तुझं झालं, त्याचं फक्त गेलं.

हे नुसतं माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या नादिया चेर्न्याक आणि तामार कुशनीर या दोघींनी २०१३ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर एक प्रयोग छापला. एक कुत्र्याची बाहुली आहे, उदास आहे, तिला बरं वाटावं म्हणून स्टिकर द्यायचा. काही मुलांना विचारलं की स्टिकर तुला ठेवायचा का कुत्र्याला द्यायचा, तू ठरव. काहींना सरळ सांगितलं की कुत्र्याला द्यायचा. नंतर सगळ्यांना दुसरी एक बाहुली दाखवली आणि जास्त स्टिकर हातात दिले, किती द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा. ज्यांनी आधी स्वतः ठरवून, स्वतःचं ठेवता येत असताना दिलं होतं, ती मुलं दुसऱ्यांदा जास्त देत होती. देऊ शकतो हे त्यांचं त्यांना समजलं होतं. सांगून द्यायला लावलेल्यांचं तसं झालं नाही.

आणि वयाचं म्हणशील तर हा मासा ज्या देशातला त्याच स्वित्झर्लंडमधल्या मुलांवर एर्न्स्ट फेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम २००८ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं होतं, गोळ्या कशा वाटता याचं. तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं स्वतःकडेच ठेवतात, सात-आठ वर्षांची होईपर्यंत बहुतेकांना दोघांना सारखं असावं असं वाटायला लागतं. म्हणजे तुझा मुलगा त्याच्या वयाला साजेसंच वागतोय. सायकल तर नवीही आहे. तुझा नवा फोन कुणी पाच मिनिटं खेळायला मागितला तर तू देशील का? मी नाही देणार.

सासूबाईंचं मात्र उडवून लावू नकोस, त्यात एक खरी गोष्ट आहे. चार पोरं असली की वाटून घ्यायचा सराव दिवसभर फुकट होतो. आम्ही लहानपणी एक पेपरमिंटची गोळी फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातानं फोडायचो, उष्टी होऊ नये म्हणून, मग कुणाला मोठा तुकडा कुणाला चुरा यावर अर्धा तास भांडायचो. ते भांडण म्हणजेच शिकणं होतं, आणि त्यात मोठं माणूस कुणी नसायचं, हे महत्त्वाचं. पण त्याच घरात दुसरंही व्हायचं. एकच आंबा उरला की माझ्या मोठ्या बहिणीला सांगितलं जायचं, तू मोठी ना, दे त्याला. ती कायम कोय चोखायची. आज साठीची आहे, अजून पानात सगळ्यात शेवटी वाढून घेते आणि तिला काय आवडतं ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही. एका ताटात जेवून आम्ही सगळी वाटून खायला शिकलो असं मी म्हणणार नाही, काही जण वाटायला शिकले आणि काही घ्यायला शिकले. सासूबाईंना हे वाद घालायला म्हणून ऐकवू नकोस हां. उलट त्यांना विचार की तुमच्या घरात कोण कायम द्यायचं. बघ काय सांगतात. कदाचित त्याच असतील.

पुस्तकांचा उपयोग होतो का, तर होतो, पण गोष्ट ऐकली आणि मूल उदार झालं असा सरळ हिशोब नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली, एका गटाला वाटून घेण्याची गोष्ट ज्यात कपडे घातलेले रॅकून वगैरे प्राणी आहेत, दुसऱ्याला तीच गोष्ट पण प्राण्यांच्या जागी माणसांची मुलं, तिसऱ्याला बियांबद्दलचं वेगळंच पुस्तक. वाचायच्या आधी आणि नंतर प्रत्येकाला दहा स्टिकर देऊन विचारलं, ज्या मुलाला मिळाले नाहीत त्याच्यासाठी किती ठेवशील. माणसांच्या मुलांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त ठेवले, प्राण्यांच्या गोष्टीनंतर ते वाढले नाहीत. एकाच प्रयोगावर मी काही प्राण्यांच्या गोष्टी बंद करा म्हणणार नाही, आपल्याकडे चिऊ-काऊशिवाय कुणाचं बालपण गेलंय. पण लहान मुलाला मासा आणि मी यांच्यातलं नातं आपोआप लागत नाही एवढं लक्षात ठेव. म्हणून त्याच्यासारखीच मुलं, त्याच्यासारखीच घरं असलेली पुस्तकंही आण. माधुरी पुरंदरे यांची राधाचं घर, यशच्या गोष्टी आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनाच्या, त्यात कुणी उपदेश करत नाही, नुसतं घर असतं, आजी असते, रुसवे असतात. आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात, फोनवर वाच पण त्याला मांडीवर घेऊन वाच.

आणि कसं वाचायचं ते. पिट्सबर्गच्या सीलिया ब्राउनेल यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या आईबापांना चित्रांची पुस्तकं वाचताना पाहिलं, मग ती मुलं मदत किती करतात, खाऊ-खेळणी देतात का हे पाहिलं. ज्या मुलांचे आईबाप पुस्तक वाचताना "हिला काय वाटत असेल? का बरं रडतेय?" असं मुलालाच विचारून मुलाला बोलतं करायचे, ती मुलं लवकर आणि जास्त द्यायची. आईबापांनीच भावना समजावून सांगत बसण्याचा तेवढा उपयोग दिसला नाही. म्हणजे आपण कमी बोलायचं! मला हे फार जड जातं, तुलाही जाईल, आपण शेवटचं पान आलं की "मग काय शिकलास तू?" विचारतोच. नको विचारूस. तो प्रश्न ऐकला की मूल आपल्याला हवं ते उत्तर देऊन टाकतं आणि विषय संपतो.

माशाला दुखलं का, याचं उत्तर तू अजून दिलं नसशील तर खरं सांग. खऱ्या माशाचे खवले त्याच्या कातडीत रुतलेले असतात, त्याला जपायला असतात, ओढून काढले तर कातडीला इजा होते, आणि एखादा पडला तर बऱ्याच माशांना तिथे नवा येतो. पुस्तकातला मासा चित्रातला आहे, त्याचे खवले पन्नीचे आहेत. आणि मग हेही म्हण, की "तुझी सायकल मी काढून घेतली तेव्हा तुला दुखलं होतं, हो ना? मी न विचारता घेतली, ते चुकलं माझं." मुलाची माफी मागितली तर ते डोक्यावर बसतं असं कुणीही सांगितलं तरी ऐकू नकोस. लांबण लावू नको, दोन वाक्यं पुरेत.

आता सायकलचं. उद्यापासून असं कर. खाली जाण्याआधीच त्याला विचार, आज सायकल न्यायची का? नेली तर कुणीतरी मागणार, तुला द्यायची नसेल तर ती घरी ठेवू आणि बॉल नेऊ. त्याचं त्याला ठरवू दे. नेली आणि त्या मुलीनं मागितली तर तिला, त्याच्यादेखत, सांग की "त्याचं झालं की तो देईल." आणि त्याला विचार की किती चकरा मारून देशील. पाच मिनिटं वगैरे या वयात कळत नाहीत, चकरा कळतात. दहा म्हणाला तर दहा. मोठ्यानं मोजा, ती मुलगीही मोजेल, बहुतेक वेळा मोजण्यातच दोघं रमतात. आणि झाल्यावर सायकल तिच्या हातात त्यालाच देऊ दे, तू हात लावू नकोस. नाही दिली तर नाही दिली, त्या दिवशी ती मुलगी हिरमुसेल, तिच्याशी बोल, तिला जवळ घे, पण तिचं रडू थांबवायला त्याची वस्तू वापरू नकोस. बिल्डिंगच्या झोपाळ्याला वेगळा नियम, तो सगळ्यांचा, तिथे पाळी म्हणजे पाळी, तिथे त्याला मी नाही म्हणायची मुभा देणार नाही. स्वतःचं काय आणि सगळ्यांचं काय हे दोन्ही एकदम शिकायचं वय आहे हे, आणि आपण दोन्हीकडे "शेअर कर, शेअर कर" एवढंच ओरडतो, मग त्या शब्दाला अर्थच राहत नाही.

घरी कुणाची मुलं येणार असतील तर आधी त्याच्या दोन-तीन लाडक्या वस्तू त्यालाच कपाटात ठेवू दे. त्या ठेवल्या की बाकीच्या पसाऱ्याबद्दल तो किती सैल होतो बघ.

ग्रुपवरच्या टोमण्याला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. खाली जाऊन तिच्या आईशी बोल, चहाला बोलाव. तिलाही तिच्या मुलीच्या रडण्याची लाज वाटली असेल, तुला तुझ्या मुलाची वाटली तशीच.

आणि त्याला द्यायची कामं दे, ज्यात त्याचं काही जात नाही किंवा थोडंसंच जातं. आरतीनंतर खिरापतीची वाटी त्याच्या हातात दे, सगळ्यांना तोच वाटेल, आजोबांना आधी का शेजारच्या काकूंना आधी हेही तोच ठरवेल, आणि शेवटी वाटीत उरेल ते त्याचं. शेजाऱ्यांचं भांडं परत करायचं असेल तेव्हा रिकामं द्यायचं नसतं ना, मग आत काय घालायचं ते त्याला विचार, चार आमसुलं सुचवेल नाहीतर दोन बिस्किटं, जे म्हणेल ते घाल. कॅनडात २०१२ साली लारा आक्निन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या आतली बाळं पाहिली होती, स्वतःला खाऊ मिळाल्यापेक्षा माकडाच्या बाहुलीला तो देताना ती जास्त खूश दिसायची, आणि स्वतःच्या वाटीतला देताना सगळ्यात जास्त. तो आनंद आत असतोच गं, आपण घाईनं हात घालतो म्हणून दिसत नाही.

पुस्तक पलंगाखालून काढून कुठे ठेवलंस ते लिहिलं नाहीस. त्याच्या हाताला येईल अशा खालच्या कप्प्यात ठेव आणि विषय काढू नकोस, आठवडा जाईल, महिना जाईल. तो स्वतः घेऊन येईल तेव्हा वाच. खवले वाटायचं पान आलं की थांब आणि विचार, मासा आज किती देईल? तीन म्हणाला तर तीन. एकही नाही म्हणाला तर त्या रात्री सगळे खवले माशाच्या अंगावरच राहू देत, पान उलट आणि दिवा मालव.